दिपालीचा जामीन

हजेरी घुले सर खुर्चीत बसून घेत. उभं राहण्याचं काम पोरांचं. नाव पुकारलं की उठायचं, ‘हजर’ म्हणायचं, बसायचं. घाटनांदूरहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही शाळा आहे. तिचं नोंदणीकृत नाव लांबलचक आहे आणि ते फक्त फाटकावर आणि दाखल्यांवर असतं. पंचक्रोशीत तिला ‘गुरुजींची शाळा’ म्हणतात. गुरुजी म्हणजे सुंदरराव. निजामाचं राज्य गेल्यावर त्यांनी मारुतीच्या देवळामागे पत्र्याच्या शेडमध्ये पहिला वर्ग भरवला होता.

पुढं काही वर्षांनी गावातल्या टोळ्या ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे जायला लागल्या. दसरा झाला की अर्धा वर्ग रिकामा होई. गुरुजींनी नावं कमी केली नाहीत. त्यांनी एक पद्धत पाडली. जाणाऱ्या पोरानं जायच्या आधी वर्गातला एक सोबती निवडायचा आणि त्याच्या हातात आपट्याचं पान द्यायचं. तो त्याचा जामीन. गुरुजींचं शिक्षण उर्दूतलं, कचेरीतला हा शब्द त्यांच्या तोंडी बसलेला होता. रोज हजेरीला गेलेल्याचं नाव पुकारायचं, आणि जामिनानं उभं राहून सांगायचं, ‘येणार हाय.’ त्याची बाकावरची जागा कुणी घ्यायची नाही. हंगाम संपूनही तो आला नाही, तर जामिनानं त्याच्या घरी जायचं, का येत नाही ते विचारायचं, आणि मिळालेलं उत्तर वर्गापुढं जसंच्या तसं सांगायचं. ‘निरोप्यानं निरोप सुधारू नये,’ असं गुरुजी म्हणत. जामीन उभा राहिला नाही तर जामिनकी शिक्षकाकडे जाते, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. पण तसा प्रसंग फारसा आला नव्हता.

मध्यंतरी एका नव्या मुख्याध्यापकांनी ‘येणार हाय’ अशुद्ध आहे म्हणून ‘येणार आहे’ म्हणण्याचा हुकूम काढला होता. पोरं इतकी हसली की आठवड्यात तो मागं पडला.

तानाजी घुले याच शाळेचे. आई-बाप दोघं तोडीला. दर दसऱ्याला तानाजी आपट्याचं पान किराणा दुकानदाराच्या पोराच्या, बद्रीनाथच्या हातात द्यायचा आणि टोळीबरोबर जायचा. सातवीच्या साली तो परत आला आणि घरीच बसला. बद्रीनाथ सायकल मारत वस्तीवर गेला आणि दारातल्या दगडावर बसून राहिला. तानाजी बाहेर येईना, हा हलेना. शेवटी तानाजीनं आतूनच ओरडून काय ते सांगितलं. बद्रीनाथनं ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तानाजी आला. पुढं शिकला, डीएड झाला, बीएड झाला आणि गुरुजींच्या शाळेतच लागला.

लागल्यापासून त्यांनी आपल्या बोलण्यातला ‘हाय’ आणि ‘न्हाई’ निपटून काढला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मराठी आणि इतिहास चांगला शिकवत, वक्तृत्वाची बक्षिसं त्यांच्या पोरांना ठरलेली. पोरं दसऱ्याला पानं वाटत, तेव्हा घुले सर ‘आटपा लवकर’ म्हणत. आपणही ही पानं वाटली आहेत, हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर नाकारलंही नसतं. कुणी विचारलं नाही.

यंदा शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली. जानेवारीत मोठा कार्यक्रम ठरला. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांनी घुले सरांना वाड्यावर बोलावलं. अर्जुनराव बागायतदार, एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले.

“सर, मुंबई-पुण्याचे पाहुणे येणार. आपल्या शाळेचं असं काय हाय जे दुसरीकडं न्हाई? जामीन. ते दाखवा स्टेजवर.”

“दाखवू अण्णा. हजेरीचाच प्रवेश बसवतो. नाव पुकारायचं, जामीन उठणार, आणि तेवढ्यात ती मुलगी कारखान्यावरून परत येते.”

“झ्याक. मंग आपली खरी लेकरं कुठं हायत? एखादीला बोलवून घ्या की. गाडी पाठवू.”

इथं घुले सर म्हणाले, “ती कुठं येणार अण्णा. आणि आली तरी स्टेजवर तोंड उघडणार नाहीत. आपल्या तेजश्रीला घेऊ. बोलकी आहे.”

तेजश्री म्हणजे अर्जुनरावांची नात, दहावीला. आजोबा खूश झाले. आपल्याला हे कुणी सुचवायला सांगितलं नव्हतं, हे घुले सरांना घरी जाताना जाणवलं होतं. पण तेव्हा ते त्यांना चातुर्य वाटलं.

प्रवेश खरा वाटावा म्हणून त्यांनी खरं नाव घेतलं. त्यांच्या नववीतली दिपाली परमेश्वर नागरगोजे आई-बापाबरोबर सांगलीकडे तोडीला गेली होती. वर्गात त्यांनी सांगून टाकलं, “वर्धापनदिनाला स्टेजवरून आपल्या दिपालीचं नाव पुकारलं जाणार आहे.” तालमी दहावीच्या वर्गात चालल्या. नववीच्या पोरांना एवढंच कळलं, की नाव पुकारणार.

दिपालीची जामीन सायली. नाव पुकारणार म्हणजे हजर राहायला पाहिजे, असा तिनं अर्थ लावला. तिच्या जागी कुणीही तोच लावला असता. तिनं आईच्या मोबाइलवरून दिपालीच्या बापाला फोन केला.

नेमकी त्याच सुमाराला मुकादमाची जीप गावाकडं येणार होती. टोळीत दोन कोयते कमी पडले होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ती न्यायला. परमेश्वरनं पोरीला जीपमध्ये बसवलं. निघताना तो म्हणाला, “जाय. तुझी जागा हाय का बघून ये. असली तर तुझ्या शिक्षणाचं मी बघतो. नसली तर पुढल्या साली तुझाबी अर्धा कोयता धरू. जीप परत निघायच्या आत काय ते ठरव.”

यातलं घुले सरांना काहीच माहीत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडप भरला होता. बायकांच्या बाजूला शेवटच्या ओळीत दिपालीची आजी दगडाबाई बसली होती. ती आता थकल्यामुळे गावातच असते. तिच्या एका बाजूला सायली, दुसऱ्या बाजूला दिपाली. धुतलेला गणवेश आजीनं जपून ठेवलेला होता. तो मनगटावर आखूड झाला होता.

स्टेजवर घुले सर माइक घेऊन हजेरी पुकारत होते. चार-पाच नावं झाली. मग त्यांनी आवाज उतरवला.

“दिपाली परमेश्वर नागरगोजे.”

बाकावरची दहावीतली एक मुलगी, नाटकातली जामीन, उठून म्हणाली, “येणार हाय.” टाळ्या पडल्या. त्यांनी पुन्हा पुकारलं. ते लिहिलेलंच होतं, दुसऱ्या पुकाराला तेजश्रीनं यायचं.

“दिपाली परमेश्वर नागरगोजे.”

“हजर!”

आवाज मागून आला. स्पीकरच्या घरघरीत तो पाहुण्यांपर्यंत पोचला नाही, घुले सरांपर्यंत पोचला. त्यांनी पाहिलं तर दिपाली ओळींमधून वाट काढत येत होती, मागं सायली. पोरगी सरळ स्टेजच्या पायऱ्या चढायला लागली. तोंडभर हसत होती.

त्या घटकेला त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या आणि दोन्ही सोप्या होत्या. तिला वर घेतलं असतं तर मंडप डोक्यावर घेतला असता लोकांनी. पण त्यांच्या डोक्यात प्रवेश होता. पलीकडून तेजश्री निघालीच होती. त्यांनी माइकवर तळवा धरला आणि दोन पायऱ्या उतरले.

“आत्ता नको. खाली बस.”

“सर, माझं नाव...”

“कळलं. कार्यक्रम चालू हाय ना? बस खाली.”

दिपाली बसली नाही. खालच्या पायरीवर उभी राहिली. पलीकडून तेजश्री आली. अंगावर मुद्दाम फाडलेलं लुगडं, हातात पुठ्ठ्याला चांदीचा कागद लावून केलेला कोयता, गालांना राख. राख परळीच्या वीजकेंद्रातून आलेली होती, नव्या खोल्यांच्या विटांसाठी आणलेल्या ढिगातली. “दिपाली परमेश्वर नागरगोजे, हजर, गुरुजी!” ती खणखणीत म्हणाली. पाहुणे उभे राहिले. अर्जुनरावांनी डोळे पुसले. छायाचित्रकार धावला. त्याला फोटोच्या चौकटीत पायरीवरचा आखूड गणवेश नको होता, म्हणून त्यानं हातानं दिपालीला बाजूला केलं.

ती बाजूला झाली, आणि नंतर दिसली नाही.

जेवणाच्या पंगतीत लोक घुले सरांच्या पाठीवर थापा मारत होते. त्यांच्यापुढचं ताट तसंच होतं. उन्हाचा त्रास झाला, असं ते एकदोघांना म्हणाले. जानेवारीत उन्हाचा कसला त्रास.

किराणा दुकानाचा मालक बद्रीनाथ हातात जिलेबीचा द्रोण घेऊन शेजारी येऊन बसला.

“लई झ्याक झालं बे, तान्या. फकस्त एक सांग. पायरीवरची पोरगी कोन होती?”

“अशीच. मधे मधे करत होती.”

“नाव काय तिचं?”

घुले सरांनी ताटातला भात बोटानं सारखा केला.

“दगडाबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली होती आत्ता, जीपची वाट बघत. पोरगी खाली मान घालून. म्या पोरीला बिस्किटपुडा दिला, घेतला न्हाई.” बद्रीनाथनं जिलेबी मोडली. “सातवीत मी तुझ्या दारात बसलो होतो, तू आतून काय म्हणलास ध्यानात हाय का?”

“कशाला ते आता.”

“मला लाज वाटती, असं म्हणलास. मी वर्गात तेच सांगितलं, शब्द बदलला न्हाई. गुरुजी त्या दिवशी फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. आज तुला काय वाटतंय, ते मी इचारत न्हाई. खा.”

घुले सर हात धुऊन दुकानाकडं गेले. जीप निघून गेली होती.

सोमवारी त्यांनी हजेरी घेतली. दिपालीच्या नावाशी आवाज आपोआप खाली गेला. उत्तर आलं नाही. सायली बाकावर बसून होती, शेजारची जागा रिकामी.

“सायली, तू जामीन ना?”

“होते, सर. आता न्हाई.”

“कावून?” शब्द तोंडातून निसटला. वर्गानं तो ऐकला, पण हसलं कुणी नाही.

“मीच तिला फोन केला. ती आली. आता मी कोणत्या तोंडानं येणार हाय म्हणू?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांनी तिला दरडावलं असतं, तेवढी सवय होती. पुढचं नाव घ्यावं असं त्यांच्या मनात आलं आणि बोट खालच्या ओळीवर सरकलंही. पण सगळा वर्ग त्यांच्याकडं बघत होता. जामीन उठला नाही तर कोण, हे त्यांनीच तर महिनाभर आधी स्मरणिकेसाठी लिहिलेला लेख वर्गात वाचताना सांगितलं होतं. “येणार हाय,” ते हळू म्हणाले आणि पुढं गेले.

हंगाम संपेपर्यंत थांबता आलं असतं, नियम तसाच होता. पण तोवर रोज हे नाव घ्यायचं होतं. संध्याकाळी ते दगडाबाईकडं गेले. म्हातारी कडब्याच्या सावलीला शेंगा फोडत बसली होती.

“या गुर्जी. बसा.”

“मावशी, दिपाली काय म्हणाली?”

“मला कावून इचारता? तिचं ती जाणे. तिलाच इचारा.” मग म्हणाली, “तुमची माय आन मी एका फडात होतो. तुमाला पाटीत निजवून ऊस तोडायची. म्हणायची, ह्यो मास्तर होनार बघ. झालात की.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. म्हातारीनं ते कौतुकानंच म्हटलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी अंबाजोगाईहून गाडी धरली. रात्र सांगलीच्या स्टँडवर काढून सकाळी फडावर पोचले. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या छपराच्या कोप्या, ट्रॉली, निम्मं कापलेलं रान. लहानपणी सोडलेला तो वास नाकात आला आणि त्यांना पहिल्यांदा काय वाटलं, तर आपल्या पायात पॉलिश केलेले बूट आहेत, हे.

“कोन पायजे?” मोळी बांधणाऱ्या एकानं विचारलं.

“दिपाली नागरगोजे. मी तिचा...” ‘सर’ म्हणायचं होतं. “मी तिचा जामीन आहे.”

“जामीन? पोरीनं काय चोरी केली का बे?” दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

परमेश्वर हसला नाही. कोयता टाकून तो धावत आला, डोक्याचं उपरणं सोडून त्यानं उसाच्या मोळीवर अंथरलं. “सर, बसा. एवढ्या लांब कावून त्रास घेतला? आगं, सरला चहा ठेव.” त्याचा आदर घुले सरांना सोसवेना. पोरीनं घरी काहीच सांगितलं नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं. ती एवढंच म्हणाली होती, की जागा बघितली, नको.

दिपाली वाढ्याचा भारा टाकून आली. हात पुसले. चेहऱ्यावर खरी धूळ होती.

घुले सरांनी गाडीत एक वाक्य तयार केलं होतं, चांगलं होतं. ते निघालंच नाही.

“त्या दिवशी मी...”

“मी खाली बसले न्हाई, सर,” ती म्हणाली. “तुमी बस म्हणलात, पण मी उभीच होते.”

“माहीत आहे.”

“ती पोरगी मस्त करत होती. कोयता उलटा धरला होता, बाकी मस्त.” परमेश्वर हसला, त्याला संदर्भ कळला नव्हता. दिपाली हसली नाही. “माझं नाव दुसरीला द्यायचं होतं तर मला इचारायचं होतं. मी दिलं असतं. पण मी आलते ना, सर. आल्यावर तरी.”

चहा आला, बिनदुधाचा. त्यांनी कप हातात धरला.

“तू येणार का, एवढं सांग. वर्गात सांगावं लागतं, तुला माहीत आहे.”

“जसंच्या तसं?”

“हो.”

तिनं थोडा विचार केला. “मंग असं सांगा. दिपाली आलती. सरांनी खाली बस म्हणलं. पुढचं पट्टा पडल्यावर बघू.” पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं, टोळ्या सुटणं. ती भाऱ्याकडं वळली. परमेश्वर एकदा पोरीकडं, एकदा सरांकडं बघत होता. आता त्याला कळलं होतं. त्यानं सरांच्या हातातला कप घेतला. उपरणं उचललं, झटकलं आणि पुन्हा डोक्याला बांधलं.

परतीच्या गाडीत घुले सरांनी त्या तीन वाक्यांची पुष्कळ रूपं करून पाहिली. ‘थोडा गैरसमज झाला होता.’ ‘कार्यक्रमाच्या गडबडीत.’ ‘ती हंगामानंतर नक्की विचार करणार आहे.’ मराठी शिकवणारा माणूस, रूपांना तोटा नव्हता. सगळी मूळ वाक्यांपेक्षा बरी होती. हाच तर त्यांतला दोष होता.

सोमवारी शाळेच्या ओसरीत वर्धापनदिनाचे फोटो लावलेले होते. मधोमध तेजश्री, राखेचा चेहरा, पुठ्ठ्याचा कोयता. खाली छापलं होतं, ‘जामीन: आपली परंपरा’. तो मजकूर घुले सरांनीच लिहून दिलेला होता. ते फोटोकडं न बघता वर्गात गेले.

“दिपालीचा निरोप आणलाय,” त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं. “दिपाली आली होती. पुढचं पट्टा पडल्यावर बघू, म्हणाली.”

सायलीनं वर पाहिलं. “मधलं काय, सर?”

“मधलं काय?”

“तुमी मधी थांबलात.”

घुले सरांच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं. खिडकीतून ओसरी दिसत होती. मुख्याध्यापक कुणालातरी फोटो दाखवत उभे होते, त्यांचा आवाज आत येत होता, म्हणजे आतला बाहेरही जाईल इतके जवळ.

“सरांनी खाली बस म्हणलं,” ते म्हणाले. “दिपाली आलती, सरांनी खाली बस म्हणलं. असं म्हणाली.”

ओसरीतलं बोलणं थांबलं. पोरं त्यांच्याकडं बघत नव्हती, बाकांकडं बघत होती. ते त्यांना जास्त लागलं. त्यांनी हजेरी काढली आणि नावं घेत गेले. हजर, हजर, हजर.

“दिपाली परमेश्वर नागरगोजे.”

कुणी उठणार नव्हतं, ते त्यांना माहीत होतं. “येणार हाय,” त्यांनीच उत्तर दिलं आणि खालच्या नावाकडं वळले.

“सर,” मागच्या बाकावरून एक आवाज आला. त्यात उद्धटपणा नव्हता, शंका विचारावी तसा होता. “जामिनानं उभं राहून बोलायचं असतंय.”

घुले सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. नाव पुन्हा पुकारलं. मग उत्तर दिलं. पट्टा पडायला अजून बरेच दिवस होते.